आधी अध्यक्षांचा हात

पत्त्यांच्या खेळात हरायलाही अक्कल लागते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी बीबी गावच्या गोपाल सरांना एकदा भेटावं. जिंकण्याचं काय एवढं, पानं बरी आली की कोणीही जिंकतो. पण हातात चार एक्के जमलेले असताना ते जमलेच नाहीत असा चेहरा करायचा, त्यातला एक शेजाऱ्याकडे सरकवून द्यायचा आणि वर आपल्याच वेंधळेपणाबद्दल हळहळायचं, याला साधना लागते. सरांनी ती नऊ वर्षं केली होती.

मुळात सर हरणाऱ्यातले नव्हते. लहानपणी गल्लीत गाढवाचा डाव बसला की त्यांच्यासोबत खेळायला पोरं कांकूं करायची. खेळ तसा सोपा. पाच जण असतील तर एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या अशी वीस पानं घ्यायची, पिसायची, प्रत्येकाला चार वाटायची. 'चला' म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पान डावीकडच्याला द्यायचं. ज्याच्याकडे एकसारखी चार पानं जमली त्याने मधोमध हात टाकायचा, की बाकीच्यांनी त्यावर धडाधड हात आपटायचे. ज्याचा हात सगळ्यात शेवटी पडला त्याच्या नावावर 'गा'. दुसऱ्यांदा 'ढ'. तिसऱ्यांदा 'व', आणि मग त्याने गाढवासारखं ओरडत सगळ्यांदेखत एक फेरी मारायची. गोपाल सरांची गाडी अख्ख्या बालपणात 'गा'च्या पुढे गेली नाही.

पुढे ते शिकले, बीएड झाले आणि एका खाजगी संस्थेच्या शाळेत मानधनावर गणित शिकवायला लागले. तिथून त्यांचा हात जड होत गेला.

संस्थेचे अध्यक्ष माणिकराव. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब दर जानेवारीत दुसरबीडजवळच्या आपल्या शेतात हुरडा पार्टी देत. आजूबाजूच्या शिवारात तूर, हरभरा आणि कपाशीच्या पराट्या; ज्वारीचा पेरा कधीच मागे पडलेला. भाऊसाहेब मात्र या एका दिवसासाठी दहा गुंठे ज्वारी पेरत, आणि तिच्यावरची पाखरं हाकलायला शाळेचा शिपाई जात असे. हजेरीपटावर तो त्या दिवसांत 'शालेय कामानिमित्त बाहेर' असे. पार्टीच्या सुरुवातीला भाऊसाहेब दरवर्षी एकच वाक्य बोलत, "आज इथं कोणी अध्यक्ष नाही, कोणी सर नाही. आपण सारे दोस्त." यावर सगळे दोस्त उभे राहून टाळ्या वाजवत, आणि भाऊसाहेब बसल्याशिवाय कोणी खाली बसत नसे.

मग लिंबाच्या झाडाखाली सतरंजी पसरली जाई आणि गाढवाचा डाव सुरू होई. हा खेळ भाऊसाहेबांच्या फार आवडीचा. त्यांचा हात मोठा, अंगठ्यांनी जड झालेला, आणि राजा कोणता अन् गुलाम कोणता हे ओळखायला त्यांना चष्मा वरखाली करावा लागे. त्यामुळे खेळ घाईचा असला तरी घाई भाऊसाहेबांच्या सवडीने चाले. पान डावीकडे जातं म्हणून मुख्याध्यापक निवृत्ती सर नेमाने त्यांच्या उजव्या हाताला बसत. भाऊसाहेबांना कोणतं पान हवं ते भाऊसाहेबांच्या आधी निवृत्ती सरांना कळे. चार पानं जमली की भाऊसाहेब "हां!" म्हणून हात ठेवत, आणि मग बाकीचे एकेक करून आपले हात ठेवत. आधी अध्यक्षांचा हात, मग इतरांचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो शाळेच्या बाकी सगळ्या नियमांपेक्षा काटेकोर पाळला जाई.

तीन वर्षांपूर्वी या खेळाला एकाएकी फार महत्त्व आलं. त्या साली चित्रकलेचे सर गाढव झाले आणि त्यांनी असा काही सूर लावला की भाऊसाहेब हसता हसता सतरंजीवर लोळले. पुढच्याच सोमवारी त्या सरांना कायम करण्याच्या प्रस्तावावर सही झाली. दुसऱ्या वर्षी हिंदीच्या बाई गाढव झाल्या, त्यांचीही सही झाली. दोघांची कागदपत्रं दीड वर्षापासून तयार पडलेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण एवढ्या साध्या कारणावर शिकलेल्या माणसांचा विश्वास बसत नाही. स्टाफरूममध्ये एकच गोष्ट पक्की झाली, की जो गाढव होतो तो परमनंट होतो. मागच्या वर्षी जागा नव्हती, त्यामुळे गाढव व्हायची कोणालाच घाई नव्हती. तेव्हा निवृत्ती सर झाले, उगाच.

यंदा जागा होती. एकच होती, आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघे बसले होते. एक गोपाल सर, नऊ वर्षांचे. दुसरे विज्ञानाचे कुलदीप सर, सहा वर्षांचे, पण आवाज खणखणीत.

आता सरांच्या घरची गोष्ट सांगायला हवी. घरी ते अगदी वेगळे होते. दर रविवारी दुपारी ओट्यावर सर, बायको सुचिता आणि चौथीत शिकणारी काजल असा तिघांचा डाव बसे. तिथे सरांना कोणाची दयामाया नसे. सप्पकन पान, फट्कन हात. सुचिताबाईंचा एक डोळा गॅसवरच्या दुधावर असायचा, त्यामुळे गाढव कायम त्याच व्हायच्या. पप्पांना एकदा, फक्त एकदाच गाढव करायचं, हे काजलचं दोन वर्षांपासूनचं स्वप्न होतं. पण चौथं पान हातात आलं की तिच्या पायाचा अंगठा आपोआप हलायचा, आणि तो बघून सरांचा हात तिच्या हातासोबतच खाली यायचा. ही लबाडी सरांनी लेकीला कधी सांगितली नाही. उलट "खेळात बापाचीही भीड नाही धरायची बेटा," असं मोठ्या रुबाबात सांगायचे. ती कधीतरी आपल्याला हरवणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्या दिवसाची ते मनातून वाट बघत होते.

यंदाचं बोलावणं सहकुटुंब होतं. तिघं मोटारसायकलवर दुसरबीडला पोचले तेव्हा आगटी पेटली होती, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली होती, आणि गरम कणसं हातावर चोळून हुरडा काढायचं काम, दोस्तीखात्यात, शिक्षकांकडे लागलं होतं. भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि सतरंजीवर पाच जण बसले. भाऊसाहेब, त्यांच्या उजवीकडे निवृत्ती सर, डावीकडे कुलदीप सर, मग गोपाल सर, आणि अक्षरं लिहून घ्यायला डायरी उघडून बसलेले शाळेचे लिपिक किसनराव. शाळेचा शिक्का किसनरावांच्या पिशवीत नेहमी असे. ते लग्नालाही तो घेऊन जात.

पहिल्या डावात भाऊसाहेबांचा हात पडला. निवृत्ती सरांनी आणि किसनरावांनी आपले ठेवले. उरले दोन, आणि ते दोन्ही हवेतच. कुलदीप सर नाकावरची न बसलेली माशी उडवत होते. गोपाल सर जांभई देत होते, आणि ती संपता संपत नव्हती. शेवटी कुलदीप सरांचा हात दमला आणि पडला. गोपाल सरांना 'गा' मिळाला. दुसऱ्या डावात कुलदीप सर सावध झाले, त्यांनी सरळ चपलेचा पट्टा लावायला घेतला. त्यांना 'गा'. तिसऱ्यात त्यांनाच 'ढ'. चौथ्यात गोपाल सरांनी हुरड्याचा ठसका लागल्याचं निमित्त केलं आणि 'ढ' खेचून आणला. आता दोघेही 'गाढ' झाले होते, आणि एकमेकांकडे बघून गोड हसत होते. भाऊसाहेबांची पाटी कोरी होती.

एवढ्यात काजल येऊन उभी राहिली. ती मघापासून आईजवळून हे सगळं बघत होती. ज्या बापाला तिला दोन वर्षांत गाढव करता आलं नाही, तो या ढिल्या माणसांपुढे हरतो आहे हे तिला सहन होईना.

"पप्पा, तुमचा हात दुखून राह्यला का?"

"नाई बेटा. तू जाय, बोरं खाय."

"तुमच्या जागी मी खेळते. तुमचा गा आन ढ माह्या नावावर घ्या."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षांची मेहनत एका अक्षरावर येऊन ठेपलेली. ते "नाही नाही" म्हणणार तोच भाऊसाहेब खुशीत आले. "बसू द्या ना पोरीले! दोस्तायचा खेळ आहे." अध्यक्षांनीच म्हटल्यावर सर उठले आणि लेकीच्या मागे जाऊन बसले.

पानं वाटली. "चला," भाऊसाहेब म्हणाले. दुसरं पान, तिसरं पान, आणि काजलच्या पायाचा अंगठा हलला. फट्ट! सतरंजीवर असा हात बसला की त्या आवाजाने दचकून निवृत्ती सरांचा हात पडला, किसनरावांचा पडला, कुलदीप सरांचासुद्धा पडला. भाऊसाहेब चष्मा वर करून हातातला राजा निरखत होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा चार हात खाली होते आणि त्यांचा हवेत.

कणसं चोळणारे शिक्षक चोळायचे थांबले.

"हा ट्रायलचा डाव होता ना?" किसनराव म्हणाले.

"हाव हाव, ट्रायलच," निवृत्ती सरांनी री ओढली. "पानंबी चुकीची वाटली गेली."

"काऊन?" भाऊसाहेब म्हणाले. "खेळ म्हणजे खेळ. लिहा माह्या नावावर गा." ते हसले, पण ते हसू मिशीच्या वर गेलं नाही. मग सावकाश म्हणाले, "पोरगी लय तेज आहे तुमची, गोपाल सर. घरी तुमीच शिकवता वाटते?"

"नाई भाऊसाहेब, चुकून झालं. माफ करा. लेकरू आहे," सर म्हणाले. आपली लेक चांगलं खेळली म्हणून त्यांनी माफी मागितली, आणि ती मागताना ते कमरेत थोडे वाकलेही. किसनरावांनी डायरीत 'गा' इतका बारीक लिहिला की तो त्यांचा त्यांनाच दिसला असता.

हात धुवायच्या निमित्ताने सर लेकीला विहिरीजवळच्या हौदावर घेऊन गेले.

"काजल, इथं असं खेळायचं नसते."

"काऊन? तुमीच तं म्हणता, कोणाची भीड नाही धरायची."

"ते घरी. इथं आधी साहेबाचा हात पडू द्यायचा, मंग आपला."

"त्यायले येत नाही म्हणून?"

"हळू बोल बाई."

"मंग त्यायले शिकवा ना. तुमी सर आहा ना?"

सरांनी आजूबाजूला बघितलं आणि लेकीसमोर उकिडवे बसले. "हे पाह्य, साहेबाची सही झाली की पप्पा परमनंट होतात. साहेब खुश पाह्यजेत. आन या खेळात जो गाढव होते, त्याच्यावर साहेब खुश होतात."

काजलने थोडा विचार केला. "म्हणजे तुमी मघापासून मुद्दाम हरून राह्यले?"

"हाव."

सरांना वाटलं, आता हिला वाईट वाटेल. तिला उलट हायसं वाटलं. पप्पांचा हात दुखत नव्हता, पप्पा म्हातारेही झाले नव्हते. "असं व्हय," ती म्हणाली. अवघड गणिताची रीत कळल्यावर ती असंच म्हणायची.

ती परत जागेवर जाऊन बसली, सर तिच्या मागे. पानं वाटली, पानं फिरली. तिसऱ्याच फेरीत सरांना लेकीच्या खांद्यावरून दिसलं, की तिच्या हातात तीन राण्या आहेत आणि उजवीकडून, कुलदीप सरांकडून, चौथी आली आहे. तिच्या पायाचा अंगठा हलला. हात हलला नाही. तिने चारही राण्या नीट बघून घेतल्या, त्यातली बदामाची उचलली, आणि "चला" म्हटल्याबरोबर डावीकडे किसनरावांना देऊन टाकली. वर चेहरा असा, की जणू नको असलेलं पान एकदाचं गेलं.

सरांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्यांना आनंदच झाला. पोरीला एकदा सांगून समजलं, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्या मागोमाग, ज्या कामाला आपल्याला नऊ वर्षं लागली ते हिला हौदापासून सतरंजीपर्यंत येताना जमलं, हेही आलं. मग त्यांना काही बरं वाटेना.

आणखी चार फेऱ्या झाल्या. निवृत्ती सरांनी अखेर योग्य तो एक्का पुढे केला, भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि "हां!" म्हणून हात ठेवला. निवृत्ती सर, किसनराव पाठोपाठ. काजलने आपला हात मांडीखाली घालून ठेवला होता. कुलदीप सरांचा तळहात खालच्या हातांच्या दोन बोटं वर येऊन थबकला. सगळी सहा वर्षं त्या दोन बोटांच्या फटीत अडकली होती.

"कुलदीप सर," भाऊसाहेब म्हणाले, "लेकराशी काय बरोबरी करता? ठेवा हात."

अध्यक्षांचा शब्द. कुलदीप सरांनी हात ठेवला. मग काजलने मांडीखालचा हात काढला, सगळ्यांच्या वर अलगद ठेवला, आणि सांगायची वाट न बघता उठून आगटीभोवती ओरडत फेरी मारली. मान खाली, पाय मागे झाडत, मधेच थांबून कान हलवल्यासारखं करत. भाऊसाहेब लोळले. ते लोळले म्हणून सगळे लोळले. पलीकडे भरताची परात धरून उभ्या असलेल्या सुचिताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी आधी लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि परात खाली ठेवून दिली.

"गुणाची पोरगी आहे!" डोळे पुसत भाऊसाहेब म्हणाले. "अगदी बापावर गेली. किसनराव, काढा ती फाइल."

फाइल पिशवीत होतीच, शिक्काही होता. पत्त्यांच्या डब्यावर कागद ठेवून सही झाली. नऊ वर्षं जे अडलं होतं ते नऊ सेकंदांत सुटलं. सरांनी वाकून नमस्कार केला. लोकांनी हात मिळवले. सगळ्यात शेवटी कुलदीप सर आले. त्यांनी हात हातात घेतला आणि खाली बघत म्हणाले, "अभिनंदन सर. माह्यं तं लग्नच झालं नाही अजून. लेकरू कुठून आणू?" ते रागाने बोलले असते तर सरांना सोपं गेलं असतं.

परत येताना काजल मोटारसायकलच्या टाकीवर बसली होती. सारखी मागे वळून विचारत होती, "बरोबर केलं ना पप्पा मी?" सर म्हणत होते, "हाव बेटा, एकदम बरोबर."

आठवडाभर घरी पेढे चालले होते. चिखलीहून सरांचा मेव्हणा येऊन गेला, गल्लीतल्या लोकांनी आता 'सर' हा शब्द जरा जोर देऊन म्हणायला सुरुवात केली. सरांनी नवा शर्ट शिवायला टाकला. रविवारी दुपारी ते ओट्यावर येऊन बसले आणि मोठ्याने म्हणाले, "या बरं पत्ते खेळायले! आज पाहू, कोण गाढव होते ते." सुचिताबाईंनी गॅस बंद करून आज मुद्दाम दुधाची कटकट मिटवली होती. काजल मांडी घालून समोर बसली.

सरांनी मनाशी एक ठरवलं होतं. आज आपण हात अर्ध्या क्षणाने मागे ठेवायचा. पोरीला एकदा जिंकू द्यायचं, खरोखरचं जिंकू द्यायचं. दोन वर्षांचं तिचं स्वप्न. एवढं तर ते तिचं देणं लागत होते.

पानं फिरली. तिघांचा डाव झटपट जमतो. सरांनी हातातला गुलाम पुढे सरकवला, काजलने उचलला, आणि तिच्या पायाचा अंगठा हलला.

सर थांबले. हात वर धरून, तिच्या फट्ट आवाजाची वाट बघत थांबले. काजलचा हात मांडीवरच होता.

"अवं टाक ना हात! आले ना चार?" सर जवळजवळ ओरडलेच.

काजल हसली. समजूतदार, शहाणं हसू. गेल्या रविवारी सतरंजीभोवती सगळ्यांच्या तोंडावर होतं तसंच.

"आधी तुमी टाका, पप्पा," ती म्हणाली. "तुमी आता परमनंट झाले ना."

सरांचा हात वरच राहिला.